बूलसाहेबांकडे पदवी नव्हती

संगणकाशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे, त्यांना ‘बूलियन’ हा शब्द रोजचाच. खरे किंवा खोटे, १ किंवा ०, आणि त्यांना जोडणारे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’: एवढ्या सामग्रीवर आमच्या धंद्याची सारी इमारत उभी आहे. ज्या जॉर्ज बूलच्या नावावरून हा शब्द आला, तो १८४९ साली कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून रुजू झाला. त्याच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती!

इंग्लंडमधल्या लिंकन गावी त्याचा जन्म झाला. वडील जोडे बनवणारे, घरची परिस्थिती बेताची. घर चालवण्यासाठी वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने शिक्षकाची नोकरी धरली. उच्च गणित तो पुस्तकांतून, आपले आपण शिकला. मग पदवी विचारणाऱ्या जगाने त्याला प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसवले कसे? त्याचे निबंध छापून आले होते. १८४४ साली त्यांपैकी एकाला रॉयल सोसायटीचे पदक मिळाले होते. १८४७ साली तर्कशास्त्रावरचे त्याचे पुस्तक निघाले होते. आणि ऑगस्टस डी मॉर्गनसारखे (हे महाशय जन्माने मदुराईचे!) गणिती त्याच्या बाजूने शिफारसपत्र द्यायला तयार होते. म्हणजे पदवीच्या जागी दोन गोष्टी होत्या: दुसऱ्याला तपासता येईल असे काम, आणि ते काम ओळखणारी जाणकार माणसे. तिसरी गोष्ट नशिबाची. कॉलेज नवे होते, आणि पुरावा पाहायला तयार होते.

वाचकहो, हा लेखनप्रपंच करण्याचे कारण सांगतो. आपल्या मंडळात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आलेले आहेत, लग्नामुळे किंवा घरच्या ओढाताणीमुळे दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या भगिनी आहेत. २०१९ पासून क्रिटिकल स्किल्स परवान्यावर आलेल्यांच्या जोडीदारांना ‘स्टॅम्प १जी’ मिळून वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येऊ लागली. नोकरीची मुभा आली, पण अर्जात ‘पदवी’ असा रकाना दिसला की हात थबकतो. घरभाडे आणि पाळणाघर भागवता भागवता फीसाठी काही उरत नाही, ही दुसरी अडचण. अशांना या देशातली शिडी कशी बांधली आहे ते ठाऊक असावे, म्हणून हे चार शब्द.

आयर्लंडला स्वतःलाच ही अडचण जवळून माहीत आहे. मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा डोनो ओ’मॅली या शिक्षणमंत्र्यांनी १९६६ साली केली. त्याआधी कित्येकांची शाळा पैशाअभावी सुटत असे. पहिल्या पदवीची पूर्णवेळ फी माफ झाली ती १९९६ च्या सुमारास, आणि तीही नागरिकत्व व वास्तव्याच्या अटींसह. २००३ साली इथे सर्व शिक्षणाची दहा पायऱ्यांची एक राष्ट्रीय चौकट आखली गेली. सहावी पायरी म्हणजे प्रमाणपत्र, सातवी साधी पदवी, आठवी ऑनर्स पदवी, नववी मास्टर्स, दहावी डॉक्टरेट. या चौकटीचा फायदा असा, की आठव्या पायरीवर एकदम उडी मारावी लागत नाही. सहाव्या पायरीचे एक वर्षाचे प्रमाणपत्र हाती घेऊन नोकरी करता येते आणि सवडीने पुढची पायरी चढता येते.

आता पैशाचे. २०११ पासून चालू असलेल्या ‘स्प्रिंगबोर्ड’ योजनेत संगणक, औषधनिर्मिती, अभियांत्रिकी असे नोकरीकडे नेणारे अर्धवेळ अभ्यासक्रम असतात. अटींत बसणाऱ्या बेकारांना आणि घर सांभाळून पुन्हा कामाकडे वळणाऱ्यांना ते विनामूल्य मिळतात. नोकरी करणाऱ्यांना सातव्या पायरीपासून वर फक्त दहा टक्के फी भरावी लागते. दुसरा मार्ग अप्रेंटिसशिपचा. हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर गॅरेज येते. सुतार, वीजतंत्री हे तर आहेतच. पण २०१६ पासून विमा, हिशेबनीस, सॉफ्टवेअर, नेटवर्क अशा क्षेत्रांतही ही सोय झाली. विम्याची अप्रेंटिसशिप तीन वर्षांत ऑनर्स पदवीपर्यंत नेते, आणि त्या काळात पगार चालू राहतो. मात्र प्रत्येक योजनेत पासपोर्ट, स्टॅम्प आणि वास्तव्याची वर्षे यांच्या अटी निराळ्या असतात. त्या नोंदणीआधी लेखी विचाराव्या. शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपल्याला मिळेलच असे धरून चालू नये.

आता सर्वांत दुर्लक्षित दार: आधीच्या शिक्षणाची आणि अनुभवाची मान्यता. इथली बहुतेक कॉलेजे प्रवेशासाठी, किंवा एखाद्या विषयातून सूट देण्यासाठी, कामावर मिळवलेले ज्ञान विचारात घेतात. त्यासाठी पुराव्यांची फाईल लागते, आणि इथेच आपली मंडळी अडखळतात. ‘दहा वर्षे लेखा विभागात काम केले’ हे वाक्य निरुपयोगी. दहा वर्षांत काय शिकलात, ते त्या विषयाच्या अभ्यासक्रमातील मुद्द्यांसमोर एकेक करून मांडायचे आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा: वरिष्ठांचे पत्र, कामाचा नमुना, प्रशिक्षणाचा दाखला. बूलने छापील निबंध पुढे केले, तसेच हे. भारतातील डिप्लोमा इथल्या कोणत्या पायरीशी जुळतो याचा अंदाज ‘नॅरिक आयर्लंड’ या सरकारी सेवेतून फुकट मिळतो. तो मत म्हणून वापरावा. अंतिम निर्णय कॉलेजचा किंवा मालकाचा.

मी गेली बरीच वर्षे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. डॉक्टरेट असलेला माणूस पदवीचे महत्त्व कमी करू लागला तर ते पोटभरल्याचे बोलणे वाटेल. म्हणून स्पष्ट सांगतो: डॉक्टर, शिक्षक अशा नोंदणीच्या व्यवसायांत पदवीला पर्याय नाही. क्रिटिकल स्किल्स परवान्यासाठीही यादीतील व्यवसायांत संबंधित पदवी मागतात. पण ज्याला काम करण्याची मुभा आधीच आहे, त्याच्या बाबतीत आम्ही टेबलापलीकडून पाहतो ते एवढेच, की हा माणूस स्वतः केलेले काम उलगडून सांगू शकतो का. चालणारा छोटा प्रोग्रॅम आणि ‘हे असे का केले?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर, यांनी पदवीचा रिकामा रकाना मी भरलेला पाहिला आहे. तोच रिकामा रकाना पुढे बढतीच्या वेळी पुन्हा आडवा येतो, हेही पाहिले आहे. म्हणून नोकरी लागली की शिडी सोडू नये.

हे आपल्याला परके नाही. माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या आपल्याकडे झाल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत साताऱ्याच्या मातीत मुले घडवली. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले ते शिक्षण सुटलेल्यांसाठीच. इथे फक्त दारांची नावे निराळी आहेत.

बूलला पुढे डब्लिन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पदवी आली, पण कामाच्या मागून आली. आपल्यापैकी ज्यांची ती राहिली आहे, त्यांनी या आठवड्यात एक कागद घ्यावा आणि आपल्याला काय येते ते पुराव्यासह लिहून काढावे. त्या कागदाला एक पैसाही लागत नाही.