यजमानाच्या हातात नसलेली यादी

मे २०२३ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो झरदारी गोव्यात बाणावलीला आले, तेव्हा आमच्या पाबळ गावच्या पारावर एकच सवाल होता, “यांना बोलावलंच कशाला?” मी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर, त्यामुळे असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. म्हटलं, “अहो, यादी आपली नव्हती. आपण नुसते यजमान.”

बाणावलीची बैठक शांघाय सहकार्य संघटनेची. तिचं अध्यक्षपद आळीपाळीनं फिरतं, ते त्या वर्षी आपल्याकडे होतं. भारत आणि पाकिस्तान दोघंही २०१७ साली एकदमच तिचे सदस्य झाले. सदस्याला वगळायचा अधिकार यजमानाला नाही. भावकीत अबोला असला तरी लग्नाची अक्षत द्यावीच लागते, तसंच हे.

अगत्य किती करायचं, ते मात्र आपल्या हातात. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं : बिलावल पुढे आले, आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अंतर राखून हात जोडले, त्यांनीही जोडले, फोटो निघाला आणि पाहुणे आत गेले. हस्तांदोलन नाही, दोघांची वेगळी बैठक नाही. पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री जवळपास बारा वर्षांनी भारतात आला होता. बैठक उरकल्यावर जयशंकरांनी पत्रकारांसमोर त्यांना दहशतवादाच्या धंद्याचे प्रवक्ते ठरवलं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जयशंकर स्वतः इस्लामाबादला गेले, तेही याच संघटनेच्या बैठकीला.

यादी बदलता येत नसेल, तर मांडव बदलता येतो. त्याचंही उदाहरण गोव्यातलंच. सप्टेंबर २०१६ मध्ये काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला आणि इस्लामाबादला ठरलेली सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची परिषद बारगळली. भारतापाठोपाठ बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननंही नकार कळवला होता. पुढच्याच महिन्यात गोव्यात ब्रिक्सची परिषद झाली. तिथं भारतानं शेजारी म्हणून बोलावले ते बिमस्टेकचे देश. ही संघटना बंगालच्या उपसागराभोवतीची, त्यामुळे पाकिस्तान तिच्यात नाहीच. कुणाला ‘येऊ नका’ म्हणायची वेळच आली नाही.

तिसरा पेच सगळ्यात अवघड. देश सदस्य आहे, पण तिथलं सरकार उलथलं. मग खुर्चीवर बसायचं कुणी? सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला सार्कच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ठरली होती. काबूल तालिबानच्या हाती गेलं होतं. अफगाणिस्तानची खुर्ची रिकामी ठेवावी असं बहुतेकांचं म्हणणं होतं. पाकिस्तानचा आग्रह तालिबानसाठी असल्याच्या बातम्या होत्या. सार्कमध्ये निर्णय एकमतानंच होतात. एकमत झालं नाही, बैठक रद्द. पुढच्याच महिन्यात आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेनं म्यानमारमध्ये सत्ता बळकावलेल्या लष्करप्रमुखाला शिखर परिषदेपासून दूर ठेवलं आणि राजकारणाबाहेरचा कुणी पाठवा, असं कळवलं. म्यानमारनं कुणीच पाठवलं नाही. त्यांची जागा रिकामी राहिली, पण परिषद पार पडली.

“याचा आपल्या पाबळला काय उपयोग?” हा पारावरचा पुढचा सवाल. उपयोग कांद्याचा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं कांदा निर्यात थांबवली. पुढच्या महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या सभेत हसत हसत म्हणाल्या, की आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय. बंदी घालायचीच होती, तर आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये आमचा लाल कांदा बाजारात येत असताना पुन्हा तेच घडलं. इकडे भाव पडले, तिकडे ढाक्याला चढले.

असल्या गोष्टी आधी कानावर घालायच्या, तर मंत्र्यांच्या नेमानं होणाऱ्या बैठका हव्यात. सार्कचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे, त्यात व्यापारमंत्र्यांची परिषदही आहे. पण २०१४ च्या काठमांडूच्या परिषदेनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. उरीनंतर इस्लामाबादला जायचं नाही, हे मलाही पटतं. मात्र रुसव्यापायी आख्खं कामकाज ठप्प होणं परवडत नाही. मंत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही तरी चालेल; त्यांच्या सचिवांनी शेजारच्या खोलीत बसून बंदीची तारीख महिनाभर आधी सांगितली, तरी आम्ही विक्रीचा हिशोब बदलू.