विधेयकाची भाषा आणि लोकांची सुनावणी

कायदा करण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व आज बहुतेक लोकशाही राज्यांत मान्य झालेले आहे. परंतु 'ऐकून घेणे' म्हणजे नेमके काय, आणि ते झाले किंवा नाही हे कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, याविषयी स्पष्टता थोडी. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने या प्रश्नाचा बराच सविस्तर ऊहापोह केला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून देऊन त्यातील भाषाविषयक बाजूचा विशेषेकरून विचार करावयाचा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने लोकसहभाग हा विधिमंडळाच्या मर्जीचा विषय ठेवला नाही. कायदे करण्याच्या कामात जनतेचा सहभाग सुलभ केला पाहिजे, असे बंधन कलम ५९ राष्ट्रीय सभेवर, कलम ७२ प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेवर आणि कलम ११८ प्रत्येक प्रांतिक विधिमंडळावर घालते. प्रांत एकंदर नऊ आहेत. प्रांतांशी निगडित अशा विधेयकांवर परिषदेत प्रत्येक प्रांताच्या शिष्टमंडळास एकच मत असते, व ते प्रांतिक विधिमंडळाच्या आदेशानुसार द्यावयाचे असते. साहजिकच अशा विधेयकांच्या सुनावणीचा भार बव्हंशी प्रांतांवर पडतो.

या बंधनाचा खरा अर्थ २००६ साली उघड झाला. बाराव्या संविधानदुरुस्तीने मटाटिएले हा भाग क्वाझुलू-नाताळ प्रांतातून काढून ईस्टर्न केप प्रांतास जोडला होता. ईस्टर्न केपने जाहीर सुनावणी घेतली; ज्या प्रांताचा भूभाग जावयाचा होता, त्याच्या विधिमंडळाने घेतली नाही. न्यायालयाने तेवढ्या भागापुरती दुरुस्ती अवैध ठरविली आणि दोष दूर करण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. पुढे २००७ च्या तेराव्या दुरुस्तीने मटाटिएले पुन्हा ईस्टर्न केपकडेच गेले. मग सुनावणीने साधले काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, सहभागाचा हक्क हा आपले म्हणणे मान्य करून घेण्याचा हक्क नव्हे. निर्णय होण्यापूर्वी आणि तो बदलू शकेल अशा वेळी आपले म्हणणे विचारात घेतले जाण्याचा तो हक्क होय.

भाषेचा प्रश्न २०२३ च्या एका निर्णयात ठळकपणे पुढे आला. पारंपरिक प्रमुख व खोई-सान समाज यांच्या नेतृत्वासंबंधीचा कायदा न्यायालयाने त्या वर्षी अवैध ठरविला. पारंपरिक प्रमुखांच्या अधिकाराखाली राहणाऱ्या ग्रामीण लोकांच्या जीवनाशी तो निकट संबद्ध होता. सुनावण्या झाल्या होत्या. परंतु सूचना अपुऱ्या मुदतीच्या, विधेयकाच्या आशयाची पूर्वमाहिती तुटपुंजी, आणि काही ठिकाणी लोकांना समजेल अशा भाषेत विधेयक उपलब्ध नाही, असे दोष आढळले. ज्या मजकुरावर मत द्यावयाचे तोच कळला नसेल, तर सभेतील उपस्थितीस सहभाग म्हणता येत नाही.

तथापि भाषांतर केले म्हणजे काम संपले, असेही नाही. आपल्याकडील कायद्याच्या मराठीचे उदाहरण घेऊ. 'शासन समिती नेमील' हे वाक्य कायद्यात बंधनकारक असते, तर 'शासनास समिती नेमता येईल' या वाक्याने केवळ मुभा मिळते. व्यवहारात मात्र 'नेमील' हा साधा भविष्यकाळ आहे. सामान्य वाचक त्यात आश्वासन किंवा अंदाज पाहतो. त्यातील सक्ती त्याच्या ध्यानात येत नाही. तसेच कलमाच्या शेवटी 'परंतु' या शब्दाने सुरू होणारे परंतुक मुख्य नियमाची व्याप्ती पुष्कळदा निम्म्यावर आणते. सोपा सारांश काढणारा नेमका हाच भाग गाळण्याचा संभव असतो. शब्द सोपे करताना बंधन, मुभा आणि अपवाद हे तीन संबंध शाबूत ठेवणे, ही सारांशाची खरी कसोटी मानली पाहिजे.

भारतात राज्य विधिमंडळांवर कलम ११८ सारखे सर्वसाधारण सांविधानिक बंधन नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये राज्याने कायद्यासाठी अन्य भाषा विहित केली, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतरच अधिकृत पाठ मानले जाते. मसुद्यांच्या बाबतीत 'हरकती व सूचना' मागविण्याची पद्धत आपल्याला परिचित आहे. पण हरकत घेण्यास मजकूर हाती येणे, तो समजणे आणि उत्तर देण्याइतका अवधी मिळणे आवश्यक असते. पर्यावरणविषयक एका केंद्रीय अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला, त्यामागे हाच विचार होता.

या विवेचनावरून प्रांतिक कायदेकारीसाठी चार गोष्टी निष्पन्न होतात. मूळ मसुदा लोकभाषेत असावा. त्यासोबत बंधने व अपवाद न गाळणारा सारांश असावा. सुनावणीत दुभाषी असावा. आणि लोक जे बोलले त्याची नोंद मतदानापूर्वी सदस्यांपुढे यावी. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत सहज विसरली जाते. लोकांपर्यंत विधेयक पोहोचविण्यास जशी भाषा लागते, तशीच गोंडी वा भिली बोलणाऱ्याचे म्हणणे विधिमंडळापर्यंत आणण्यासही लागते. या दुसऱ्या भाषांतराची परिभाषा व पद्धती सिद्ध करणे हे विधिज्ञांइतकेच भाषाभ्यासकांचेही कार्य आहे.