प्रेस्टनच्या पोरी

कारखान्याच्या अंगणाला लागून कपडे बदलायची खोली होती आणि तिला छोट्या चौकोनी खिडक्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत पोरं-पोरी त्या खिडक्यांवर नेम धरून फुटबॉल मारायच्या. मुलगे जिंकले तर मुलींनी त्यांना वुडबाइन सिगारेटचं पाकीट घेऊन द्यायचं, मुली जिंकल्या तर मुलांनी चॉकलेट. पुढे जगभर नाव झालेल्या एका संघाचा सराव इथे सुरू झाला.

साल १९१७. लँकेशायर म्हटलं की आपल्याला आठवतं ते आपल्या हातमागांच्या पोटावर पाय आणणारं गिरणीचं कापड. त्याच लँकेशायरमधलं प्रेस्टन हे कष्टकऱ्यांचं गाव. तिथली ‘डिक, कर आणि कंपनी’ एरवी ट्रामगाड्या आणि रेल्वेची इंजिनं बनवायची. महायुद्ध पेटल्यावर तिथे दारूगोळा तयार होऊ लागला. पुरुष आघाडीवर गेले आणि यंत्रांवर बायका उभ्या राहिल्या. त्या शरद ऋतूत कारखान्यातल्या शिकाऊ मुलांचा संघ हरत सुटला होता. मुलींनी त्यांची चेष्टा केली, तेव्हा ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईच्या पुढाकाराने दोन्ही बाजूंत सामना ठरला. कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी या पोरींचा खेळ पाहिला आणि संघ उभा करायचं मनावर घेतलं. कारखान्याच्या नावावरून लोक त्या संघाला डिक-कर म्हणू लागले.

त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, डीपडेल मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला. डीपडेल हे प्रेस्टन नॉर्थ एंडचं मैदान. फुटबॉल लीगच्या पहिल्याच मोसमात, १८८८-८९ मध्ये, एकही सामना न हरता अजिंक्य ठरलेला क्लब तो. अशा ठिकाणी कारखान्याच्या पोरी उतरल्या आणि दहा हजार माणसं बघायला आली. दुसऱ्या एका ओतकारखान्याच्या संघावर त्यांनी ४-० अशी मात केली. जमलेले २०० पौंड जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेले.

युद्ध संपलं, पण खेळ थांबला नाही. १९२० मध्ये पॅरिसहून फ्रेंच मुलींचा संघ आला. डीपडेलवरच्या त्या सामन्याला पंचवीस हजार प्रेक्षक होते. त्याच डिसेंबरमध्ये तिथे रात्रीचा सामना झाला. त्यासाठी विमानांवर रोखायचे लष्करी सर्चलाइट आणले होते आणि ते वापरायची परवानगी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी दिली होती. अंधारात चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला होता. या सामन्याचा पैसाही सैनिकांसाठीच होता, नोकरी नसलेल्या माजी सैनिकांसाठी.

पण या संघाची खरी ताकद दिसली ती त्यानंतर दहा दिवसांनी. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, समोर सेंट हेलेन्सच्या मुली. मैदानात सुमारे त्रेपन्न हजार माणसं, आणि आत जागा नाही म्हणून हजारो दाराबाहेर ताटकळलेली. अशा दिवशी मुख्य आक्रमक फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली. डिक-करच्या आक्रमणात तिची उणीव होती. तेव्हा कर्णधार अ‍ॅलिस केल बचावाची जागा सोडून उत्तरार्धात स्वतः सेंटर फॉरवर्ड झाली आणि तिने हॅटट्रिक केली. सामना ४-० असा जिंकला, ३,११५ पौंड जमले.

या सगळ्या पोरी पोटासाठी काम करत होत्या. १९२१ मध्ये त्यांनी साठाहून जास्त सामने खेळले, तेही पूर्ण वेळची नोकरी सांभाळून. बुडालेल्या मजुरीच्या भरपाईपोटी सामन्यामागे दहा शिलिंग मिळत. हे दहा शिलिंग पुढे अनेकांच्या डोळ्यांवर आले.

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: फुटबॉल हा बायकांना न शोभणारा खेळ आहे, सदस्य क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, असा आक्षेपही जोडला. त्याच वर्षी खाणमालकांनी टाळेबंदी केली होती आणि बायकांचे संघ खाण कामगारांच्या घरच्यांसाठी सामने खेळत होते. वरच्या मंडळींना ते खुपलं असावं, असं काही अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे. सैनिकांसाठी पैसे गोळा करणाऱ्या पोरी कौतुकाच्या होत्या, टाळेबंदीतल्या मजुरासाठी उभ्या राहिलेल्या पोरी अडचणीच्या.

मैदानं गेली. पण ज्यांचं पोट खेळावर चालत नव्हतं, त्यांचा खेळ मैदानं काढून घेऊन संपवता आला नाही. पुढच्याच वर्षी संघ बोटीने अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडाने खेळू दिलं नाही, म्हणून अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळले: तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत. कारखान्याशी नातं तुटल्यावर १९२६ मध्ये नाव ‘प्रेस्टन लेडीज’ झालं. लोक मात्र डिक-करच म्हणत राहिले.

या साऱ्यात मोठं नाव लिली पार हिचं. १९०५ मध्ये सेंट हेलेन्सला मजुराच्या घरात जन्म, भावांबरोबर खेळून तयार झालेला पाय. १९२० मध्ये ती संघात आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. उंच, दणकट, डाव्या बगलेवरची खेळाडू. तिच्या किकचा जोर असा, की अडवायला गेलेल्या एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडला, अशी गोष्ट अजून सांगतात. तिच्या गोलांचा आकडा हजाराच्या आसपास धरला जातो. त्याच काळात ती व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका होती. पाळी संपवायची, बूट बांधायचे, खेळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात. हा क्रम १९५१ पर्यंत चालला. तिच्या कित्येक सहकारी खेळाडूही त्याच रुग्णालयात नोकरीला होत्या.

संघ १९६५ मध्ये थांबला. ८३३ सामने, ७५९ विजय, ४६ बरोबरी, फक्त २८ पराभव. बंदी उठली ती त्यानंतर काही वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. लिली पार १९७८ मध्ये गेली, असोसिएशनने माफी मागितली २००८ मध्ये. मधल्या काळात प्रेस्टनच्याच गेल न्यूशम यांनी म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून काढलं, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या आणि १९९४ मध्ये या संघावर पुस्तक लिहिलं. खिडक्यांवर नेम धरायच्या पैजेसारख्या गोष्टी आज आपल्याला कळतात, त्या अशा आठवणींमुळेच. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात लिली पारचा ब्राँझचा पुतळा बसला, ब्रिटनमधला महिला फुटबॉलपटूचा पहिला. आणि पहिल्या सामन्याला शंभर वर्षं झाली त्या २०१७ साली डीपडेलच्या भिंतीपाशी ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं, ज्या मैदानाची दारं १९२१ च्या डिसेंबरात त्यांना बंद झाली होती, त्याच मैदानाच्या.