अंतर्भूत इथरनेट स्विच व त्याचा ड्रायव्हर : लिनक्समधील ‘डी. एस. ए.’ व्यवस्थेचे विवरण

घरात अथवा कचेरीत वापरल्या जाणाऱ्या राउटरच्या मागील बाजूस सामान्यत: पाच इथरनेट पोर्ट दिसतात, चार अंतर्गत जाळ्यासाठी व एक बाहेरील जाळ्यासाठी. आतील सी. पी. यू.ला या पाचही पोर्टांची पृथक् ओळख असेल, असा पाहणाऱ्याचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुत: पुष्कळ उपकरणांत तसे नसते. पाचही पोर्ट एका स्विच-चिपला जोडलेले असतात आणि त्या चिपचा सहावा पोर्ट सी. पी. यू.च्या इथरनेट नियंत्रकाला जोडलेला असतो. दारे पाच असली तरी माजघरात यायची वाट एकच.

इथरनेट फ्रेमच्या शीर्षभागात गंतव्य पत्ता, प्रेषकाचा पत्ता आणि आशयाचा प्रकार एवढीच माहिती असते. फ्रेम कोणत्या पोर्टातून आत शिरली याची नोंद तीत नसते. स्विचला ती गोष्ट ठाऊक असते खरी. परंतु फ्रेम सी. पी. यू.कडे पोचेपर्यंत ते ज्ञान लुप्त झालेले असते. हे केवळ तात्त्विक न्यून नव्हे. बाहेरून आलेली फ्रेम आणि घरातील संगणकाकडून आलेली फ्रेम यांत भेद करता आला नाही, तर फायरवॉलचे नियम निरर्थक ठरतात. जाळ्यात वर्तुळाकार मार्ग होऊ नये म्हणून स्विच एकमेकांना जे स्पॅनिंग ट्रीचे संदेश पाठवितात, त्यांचा अर्थ तर पोर्टावाचून लागतच नाही. ड्रायव्हरचे पहिले कार्य म्हणजे हे लुप्त होणारे ज्ञान जतन करणे.

यावरील जुना उपाय व्ही-लॅनचा होता. ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेममध्ये ४ बाइटांची खूण घालून पोर्टांचे गट पाडता येतात. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या प्रणालीत ‘स्वकॉन्फिग’ नावाची व्यवस्था दीर्घकाळ याच मार्गाने चालत असे. परंतु तीत स्विच हे एक निराळेच यंत्र राही. त्याच्या आज्ञा निराळ्या, कर्नलच्या निराळ्या. ती मूळ लिनक्स कर्नलमध्ये कधीच समाविष्ट झाली नाही, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागते. २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीनेही अनेक उपकरणांसाठी निराळा मार्ग स्वीकारला.

तो मार्ग म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूटेड स्विच आर्किटेक्चर’, संक्षेपाने डी. एस. ए. लेनर्ट बायटेनहेक यांनी मार्व्हेल कंपनीच्या चिपांसाठी ही व्यवस्था लिहिली व २००८ च्या डिसेंबरात प्रसृत झालेल्या लिनक्स २.६.२८ मध्ये ती समाविष्ट झाली. तिचे सूत्र असे की, चिप प्रत्येक फ्रेमला एक खूण जोडून ती सी. पी. यू.कडे पाठविते, ड्रायव्हर ती खूण वाचतो, काढून टाकतो आणि फ्रेम जणू त्या विशिष्ट पोर्टातूनच आली अशा रीतीने कर्नलपुढे ठेवतो. जाताना याच्या उलट. परिणामी कर्नलला पाच स्वतंत्र जाळे-जोडण्या दिसतात, आणि नेहमीच्याच आज्ञा त्यांस लागू पडतात.

मार्व्हेलच्या ४ बाइटांच्या खुणेत फ्रेम सी. पी. यू.कडे निघाली आहे की सी. पी. यू.कडून, हे सांगणारे २ बिट असतात. त्याखेरीज ५ बिट चिपच्या क्रमांकासाठी व ५ बिट पोर्टाच्या क्रमांकासाठी असतात. एकाहून अधिक चिप परस्परांना जोडता येतात, आणि नावातील ‘डिस्ट्रिब्यूटेड’ हे विशेषण त्यावरूनच आले. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ही खूण अपादान दाखविणारी विभक्ती होय. गंमत अशी की काही चिप ती उपसर्गासारखी पुढे लावतात, तर काही प्रत्ययासारखी शेवटी. हा भेद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. खूण पुढे असेल तर सी. पी. यू.चा इथरनेट नियंत्रक गोंधळतो; चेकसम काढण्याची त्याची अंगभूत सोय पुष्कळदा चुकीचे उत्तर देते. खूण शेवटी असेल तर फ्रेम आधी ६० बाइटांपर्यंत भरून घ्यावी लागते, नंतर खूण लावावी लागते. अन्यथा नियंत्रक स्वत:च लहान फ्रेम भरून काढतो आणि शेवटची खूण मध्येच अडकते.

आता असे वाटेल की, प्रत्येक फ्रेमचा निर्णय ड्रायव्हरच करतो. तसे असते तर स्विचचे प्रयोजनच उरले नसते. अनेक चिपांची रजिस्टरे एम. डी. आय. ओ. नावाच्या द्वितारी मार्गाने वाचली जातात. १६ बिटांच्या एका रजिस्टरच्या एका व्यवहारास ६४ बिटांचा काळ लागतो, मानकातील २.५ मेगाहर्ट्झ वेगाने तो २५.६ मायक्रोसेकंद भरतो. तेवढ्या अवधीत १ गिगाबिट वेगाच्या एका पोर्टातून लघुतम आकाराच्या ३८ फ्रेम निघून गेलेल्या असतात. म्हणून ड्रायव्हर नियम आधी घालून देतो, आणि चिप ते पाळते.

हे नियम कोठून यावयाचे, हाच या विषयाचा गाभा. लिनक्समध्ये ‘ब्रिज’ नावाचा एक सॉफ्टवेअर-स्विच पूर्वीपासूनच आहे. २०१५ साली प्रसृत झालेल्या ३.१९ या आवृत्तीपासून ‘स्विचडेव्ह’ या नावाने अशी सोय आली की, ब्रिजमध्ये घडलेला बदल ड्रायव्हरला कळावा आणि त्याने तो चिपमध्ये उतरवावा. अर्थ सॉफ्टवेअरने ठरवायचा, हार्डवेअरने तो त्वरेने अमलात आणायचा. एखादी गोष्ट चिपला जमत नसेल तर ड्रायव्हर तसे कळवितो, आणि ते काम सी. पी. यू. करतो, गती मंदावते, वर्तन बदलत नाही.

या विभागणीत एक सूक्ष्म अडचण आहे. सर्वांना उद्देशून आलेली फ्रेम चिप स्वत:च अन्य पोर्टांवर पसरविते व एक प्रत सी. पी. यू.लाही देते. ब्रिजला हे ठाऊक नसेल तर तोही ती पुन्हा पसरवील, आणि प्रत्येक संगणकाला तीच फ्रेम दोनदा मिळेल. म्हणून ‘हिचे वाटप झालेले आहे’ अशी निशाणी फ्रेमवर ठेवली जाते, व ती पाहून ब्रिज त्या चिपचे पोर्ट वगळतो.

याउलट, जो पोर्ट कोणत्याही ब्रिजमध्ये नाही त्याने दुसऱ्या पोर्टाशी परस्पर बोलता कामा नये. त्याची फ्रेम केवळ सी. पी. यू.कडेच गेली पाहिजे, आणि त्यावर पत्ते शिकणेही बंद असले पाहिजे. सुरक्षिततेचा प्रश्न येथेच सर्वांत तीव्र होतो. कित्येक चिप वीज मिळताच साध्या स्विचप्रमाणे सर्व पोर्ट एकमेकांस जोडून टाकतात. ड्रायव्हर कार्यान्वित होईपर्यंतच्या काही सेकंदांत बाहेरील जाळे व घरातील जाळे एकच होऊन बसते. ड्रायव्हर कितीही निर्दोष असला तरी स्वत:च्या जन्मापूर्वीचा काळ त्याच्या हाती नसतो. तो बंदोबस्त बूटलोडरने अथवा चिपच्या मूळ जोडणीनेच करावयाचा असतो.

परिभाषेविषयी थोडेसे. सी. पी. यू.च्या बाजूची जोडणी पूर्वी ‘मास्टर’ व पोर्टांच्या जोडण्या ‘स्लेव्ह’ म्हटल्या जात. २०२३ मध्ये त्यांऐवजी ‘कॉन्ड्युट’ व ‘यूजर’ हे शब्द योजण्यात आले. जुन्या शब्दांतील दास्याचा ध्वनी गेला हे ठीकच. शिवाय नवा शब्द अधिक अचूकही आहे, कारण ती जोडणी कोणावर हुकमत गाजवीत नाही, ती केवळ नळी आहे.

आणि नळीची रुंदी मर्यादितच असते. १ गिगाबिटाचे पाच पोर्ट १ गिगाबिटाच्या एका वाटेने सी. पी. यू.ला जोडलेले असले, तर पोर्टापोर्टांतील वाहतूक चिपच्या आत निर्वेध चालते, परंतु सी. पी. यू.कडे जाणारी वाहतूक त्या एका वाटेतच दाटते. काही चिपांना सी. पी. यू.कडे जाणाऱ्या दोन वाटा असतात; मात्र कोणत्या पोर्टाने कोणती वाट घ्यावी हे चालू प्रणालीत ठरविण्याची सोय लिनक्समध्ये २०२२ च्या ६.१ या आवृत्तीत आली.