अकरा बटणांचा उंदीर

"आई, मला नवा माउस हवाय. गेमिंगचा." चिरंजीवांनी किंमतही सांगितली आणि माझा कणकेतला हात तसाच थांबला. तेवढ्या पैशात आमचं वाण्याचं अर्धं बिल भागलं असतं!

घरचा माउस बिघडला होता हे खरं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. पण त्यासाठी एवढा खर्च? घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी हे म्हणाले, "अगं, भाजीसुद्धा तू हातात घेतल्याशिवाय घेत नाहीस. हा तर न बघताच नाकारलास." मुलाने मित्राकडून तोच माउस आठ दिवसांसाठी आणला. लॉजिटेकचा जी ५०२ हिरो. आणि मैत्रिणींनो, मी परीक्षेला बसले!

आकड्यांना भुलू नका

खोक्यावर ठळक आकडा होता, २५,६०० डीपीआय. मुलाला विचारून घेतलं. माउस एक इंच सरकवला की पडद्यावरचा बाण किती ठिपके सरकतो, तो हा आकडा. आमच्या पडद्याची रुंदी १,९२० ठिपके. म्हणजे एका इंचात बाण तेरा पडदे ओलांडणार! हे म्हणजे चहात मूठभर साखर. मुलगा स्वतः खेळताना ८००वर ठेवतो. मग त्या मोठ्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

दुसरा आकडा मात्र कामाचा. साधा माउस संगणकाला सेकंदाला साधारण १२५ वेळा आपली जागा कळवतो, हा १,००० वेळा. भिशीचा हिशेब लिहिताना मला काडीचा फरक जाणवला नाही. धावत्या खेळात जाणवतो, असं मुलगा म्हणतो.

शिवणाच्या टेपची परीक्षा

टेबलाच्या कडेला मी शिवणाचा टेप चिकटवला. माउस ८००वर ठेवून बाण एका खुणेवर आणला, दोन इंच झटकन सरकवला आणि सावकाश मूळ जागी आणला. बाणही खुणेवर परत यायला हवा. आला नाही! मी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिलं. पण त्याने विंडोजमधली 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' ही सोय बंद केली. हात जोरात फिरला की ती बाणाला आणखी पुढे ढकलते. नावात अचूकपणा, करणी उलटी! ती बंद केल्यावर बाण नेमका खुणेवर आला. शंभर नंबर! घरचा जुना माउस मात्र याच परीक्षेत थोडा अलीकडेच थांबला. मुलाची तक्रार अगदीच खोटी नव्हती तर.

पण हाताचं काय?

याचं वजन १२१ ग्रॅम. शिवाय ३.६ ग्रॅमची पाच वजनं सोबत येतात, हवी तर आत बसवायची. बटणं अकरा. मुलगा माउस नुसत्या बोटांच्या टोकांनी धरतो आणि खेळताना सारखा उचलून ठेवतो. तासाभरात तोच मनगट चोळू लागला. तळहात पूर्ण टेकवून काम करणाऱ्याला हेच वजन आधाराचं वाटेल. चपलेसारखंच आहे हे, दुसऱ्याच्या मापाची घेऊन चालत नाही.

आणि खरी गोष्ट कळली ती पाचव्या दिवशी. आमची धाकटी डावखुरी. तिने माउस डाव्या हातात घेतला आणि गुपचूप खाली ठेवला. अंगठ्याची खोबण उजव्या हातासाठीच! "असू दे आई, मला सवय आहे उजव्याने करायची," ती म्हणाली. चरकलेच मी. संगणक दोघांचा, अभ्यास दोघांचा. पण इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा!

मग दोघं भावंडंच दुकानात गेली. दोन्ही बाजूंनी सारखा, हलका, १,००० वेळा कळवणारा आणि निम्म्याहून कमी किमतीचा माउस घेऊन आली. डावं-उजवं बटण सेटिंगमध्ये बदलता येतं. धाकटीची पाळी असली की ते बदलून ठेवायचं, ही भावाची जबाबदारी.

घेताना लक्षात ठेवा

• ज्याच्यासाठी घ्यायचा, त्याच्याच हातात देऊन पाहा. करंगळी टेबलावर घासू नये, बोटं ताणू नयेत.
• मोठा डीपीआय म्हणजे चांगला माउस नव्हे.
• काचेच्या टेबलावर बरेचसे माउस नीट चालत नाहीत. खाली कापडी पॅड घाला.
• मनगट सरळ आणि कोपर टेबलाच्या उंचीला हवं. खुर्ची बुटकी असेल तर उशी घ्या.
• पुसताना वायर काढा. कोरडं मऊ फडकं वापरा, खालच्या भोकातली धूळ कापसाच्या काडीने हलकेच काढा. पाणी नको.
• बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा.

१९६८ साली डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला. त्यांचा पहिला नमुना म्हणजे चाकं लावलेली लाकडी डबी होती. आज त्या डबीला बटणं अकरा झाली, पण ती शेवटी माणसाच्या हातासाठीच आहे.

खेळाच्या वेळेवरून आमच्याकडे वाद अजून होतात. परवा मात्र धाकटी डाव्या हाताने खेळून दादाला हरवत होती, तेव्हा मी घड्याळाकडे बघायचं जरा विसरलेच!