तिथीची पाऊणपट आणि मिठीवरचं बूच

वांद्र्यात कालवा कुठला, असं कुणी विचारलं की मी मिठीकडे बोट दाखवतो. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघालेली ही नदी सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. 2005 च्या पुरानंतर ती रुंद-खोल केली, काठाला भिंती घातल्या. वांद्रे-कुर्ला संकुलालगत तर ती सरळसोट कालवाच दिसते. खाडीवरचा माहीम कॉजवे 1845 चा, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1 लाख 57 हजार रुपयांतून झालेला. इतिहास एवढा पुरे. मला गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या बुचाबद्दल बोलायचं आहे.

गळ टाकणारे शौकीन पवईचं नाव घेतात. तिथले रोहू-कटला झकास, पण तळ्याला भरती नाही आणि भरती नसेल तर बुचाची निम्मी गंमत गेली. मुंबईत उधाणाला भरती-सुकतीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. त्यामुळे बूच आणि गळ यांच्यामध्ये तंगूस किती ठेवायची, हे खाडीच्या तोंडाशी सतत बदलत राहतं. आत्ता तळाशी टेकलेलं आमिष जरा वेळाने अधांतरी लोंबतं.

भरतीची वेळ मी अजूनही मोबाइलवर बघत नाही. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, झाली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला मात्र उत्तर सव्वाअकरा येतं आणि पाणी बाराच्या आसपास भरतं. कारण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशीर करतो, आपण धरतो 45. ती पाच-पाच मिनिटं पंधरवडाभर साचतात. एवढी चूक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या खपवून घेतली आहे, मीही घेतो.

या हिशेबाने दुपारच्या गळाला चतुर्थीसारखी तिथी नाही. भरती तीनला. उधाणाचा जोर ओसरत आलेला, अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती, अजून लांब. आता वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, घरात उपास. पण मिठीत सांडपाणी एवढं मिसळतं की तिथला मासा खाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. लागलेला मासा परत पाण्यातच जायचा, मग उपास मोडतो कुठे? (घरच्यांना हा युक्तिवाद मान्य नाही. आमिषाला कणीक मागितली की तो पुन्हा ऐकवावा लागतो.)

खरी मजा पाणी थबकतं तेव्हा. भरती संपलेली, सुकती लागायची आहे, बूच जागेवर उभं. पावाचा चुरा आणि कणीक मळून केलेली बारीक गोळी फूटभर खाली. बोय आली की बूच बुडत नाही, आधी नुसतं थरथरतं, भोवती बारीक वलयं उठतात. इथे हिसका दिला की गळ रिकामा. चिंबईच्या एका म्हाताऱ्या काकांनी मला एकदाच दटावलं होतं, ‘‘बूच चालाया लागू दे रे, मग उचल.’’ बूच तिरकं होऊन बाजूला सरकू लागलं, की मनगट वर. बोयीचे ओठ मऊ, ओढाताण केली की ते फाटून गळ निघतो.

गळ तळाजवळ गेला की शिंगाळा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन दातेरी काटे. टोचले की हात तासन्‌तास ठणकतो. ओल्या फडक्याने काट्यांच्या मागे धरून चिमट्याने गळ काढावा. मला हा मासा बोयीपेक्षा प्यारा आहे, कारण बापपण. मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात घेऊन फिरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळपास काही खात नाही. म्हणजे त्या काळात तो आमच्या गळालाही लागायचा नाही. संकष्टी आम्ही पाळतो, तो महिनाभराचा उपास पाळतो.