सात विरुद्ध चार
(लेखांक सातवा)

सोव्हिएत साम्यवादी पक्षाच्या घटनेप्रमाणे सर्वोच्च अधिकार अधिवेशनाचा, दोन अधिवेशनांच्या दरम्यान तो मध्यवर्ती समितीचा, आणि दैनंदिन राज्यकारभाराचा अखत्यार मात्र त्या समितीने निवडलेल्या मूठभर सभासदांच्या मंडळाकडे, ही रचना गेल्या लेखांकात आपण पाहिली. या मंडळाला १९५२ पर्यंत पॉलिटब्यूरो आणि त्यानंतर १९६६ पर्यंत प्रेसिडियम म्हणत. आता प्रश्न असा, की या मंडळात बहुमत मिळविले म्हणजे सत्ता मिळाली काय?

१८ जून १९५७ रोजी क्रेमलिनमध्ये भरलेल्या प्रेसिडियमच्या बैठकीत या प्रश्नाची प्रत्यक्ष कसोटी लागली. मतदानाचा हक्क असलेले सभासद अकरा होते. त्यांपैकी मालेन्कोव्ह, मोलोटोव्ह, कागानोविच, वोरोशिलोव्ह, बुल्गानिन, पेर्वुखिन व साबुरोव्ह असे सात जण ख्रुश्चेव्ह यांना प्रथम सचिवपदावरून दूर करण्यास सिद्ध झाले, आणि ख्रुश्चेव्ह यांच्या बाजूस स्वतः ते धरून मिकोयान, सुस्लोव्ह व किरिचेन्को एवढेच उरले. अध्यक्षस्थानी ख्रुश्चेव्ह यांना न बसू देता बुल्गानिन यांना बसविण्यात आले. १९५५ च्या अखेरीस भारतभेटीत मुंबईकरांनी ज्या जोडीचे उत्स्फूर्त स्वागत केले होते, ती जोडी अशी दीड-पावणेदोन वर्षांतच समोरासमोर उभी ठाकली!

अंकगणिताने निकाल लागलाच होता. परंतु ज्या मध्यवर्ती समितीने आपणास निवडले तीच आपणास काढू शकते, हा ख्रुश्चेव्ह यांचा युक्तिवाद घटनेस धरून होता, आणि त्यामागे केवळ कायद्याचे नव्हे तर माणसांचे बळ होते. कारण प्रांतोप्रांतीच्या पक्षसचिवांच्या नेमणुका व बढत्या सचिवालयाच्या दप्तरातून होत असत, आणि हेच सचिव त्या समितीत मोठ्या संख्येने बसत. मार्शल झुकोव्ह यांनी लष्करी विमाने देऊन दूरदूरच्या सभासदांना मॉस्कोत आणविले; मॉस्कोत असलेल्या सभासदांचे एक शिष्टमंडळ तर बैठक चालू असतानाच जाब विचारण्यास दाराशी येऊन उभे राहिले. २२ जूनला समितीची सभा सुरू झाली, आठवडाभर चालली, आणि सातांच्या बहुमताचा मागमूसही उरला नाही. मालेन्कोव्ह कझाकस्तानातील एका जलविद्युत केंद्राचे व्यवस्थापक झाले, मोलोटोव्ह मंगोलियात राजदूत म्हणून रवाना झाले. स्टॅलिनच्या काळी अशा पराभवाची शिक्षा मृत्यू असे, हे ध्यानी घेतले म्हणजे या सौम्यतेचे महत्त्व कळते, आणि माझ्या मते या प्रकरणातील हीच सर्वांत मोलाची गोष्ट होय.

नव्या प्रेसिडियममध्ये पंधरा सभासद आले. पूर्ण सभासदत्व मिळविणारी पहिली स्त्री फुर्त्सेवा त्यांत होती. झुकोव्हही होते, पण ऑक्टोबरातच, परदेश दौऱ्यावर असताना त्यांच्यावर कारवाईची सिद्धता होऊन, ते पदच्युत झाले. आणि त्याच यादीत ब्रेझनेव्ह यांचे नाव होते, ज्यांनी सात वर्षांनंतर ख्रुश्चेव्ह यांना दूर करताना प्रेसिडियमबरोबरच मध्यवर्ती समितीचीही मने आधी वळवून घेतली; तो वृत्तांत पुढील आठवड्यात.